परस्पर होकार

"लाल दोऱ्याची गं गाठ, माझ्या बोटाची वळख
माझ्या माघारी बांधली, तिची कर गं पारख…"

कापसाच्या दोन ओळींमधून वाकून चालता चालता आई हे म्हणायची. गळा फार गोड होता असं नाही. उन्हानं थोडा चिरका झालेला, तंबाखूनं थोडा भरलेला. पण कौसल्या पुढं जालन्याला राहायला गेली, पंख्याच्या आणि प्रिंटरच्या घरघरीत दिवसचे दिवस बसू लागली, तरी तो आवाज कधी कधी कापसाच्या पानांतून यावा तसा सळसळत यायचा आणि तिच्या टेबलाशी येऊन थांबायचा.

जाफराबाद तालुक्यातलं त्यांचं गाव. तिथं कारभारी पाटलाच्या मळ्यात दर हंगामाला बियाणं कंपनीसाठी कापसाच्या बियाणाचा प्लॉट असायचा. दुपारी बायका मादीच्या ओळीत शिरत, उद्या उमलणाऱ्या कळ्या नखानं सोलत आणि त्यांच्यावर तांबड्या कागदाच्या टोप्या चढवत. सकाळी नराचं फूल आणून टोपीखालच्या कोवळ्या टोकावर हलकेच फिरवत, आणि देठाला दोरा बांधत. दोरा बांधलेलं बोंड तेवढं बियाणाचं. बाकी गावांत दोरा म्हणजे नुसती खूण. पण या गावच्या टोळीची मुकादमीण झुंबरबाई. तिनं रीत घालून दिली होती की ज्या बाईचा हात, त्या बाईच्या रंगाचा दोरा. झुंबरबाईचा पिवळा, कौसल्याची आई बेबीनंदा हिचा लाल.

"बोंड धरलं न्हाई तर कोणाचा हात जड होता ते कळाया नको?" झुंबरबाई म्हणायची. "आन् चांगलं धरलं तर कोणाला शाब्बास म्हनू? वाऱ्याला?"

शाळेला सुट्टी असताना एकदा लहानग्या कौसल्यानं आईचा भार हलका करावा म्हणून पलीकडच्या ओळीत शिरून भराभर फुलं फिरवली, आणि आईच्या पिशवीतला लाल दोरा त्यांना बांधून टाकला. आई मागून आली. एक गाठ बोटात धरून तिनं पाहिली, आणि खाली बसून सगळे दोरे एक एक करून दातानं तोडले.

"आई, तुझंच तर काम केलं मी!"

"माह्यं काम कर, लाख कर. माह्या नावानं करू नको."

"बोंडं चांगली आली असती नं पण."

"आलीबी असती गं. पण माह्या दोऱ्याखाली माह्या हाताबिगर आली असती. मंग झुंबरबाईला मी काय सांगू, कोणती माझी न् कोणती उसनी?"

कौसल्याला तेव्हा रडू आलं होतं. आईच्या रागाचं नाही, तर मदत करूनही आई खूश झाली नाही, याचं.

*

कौसल्याला जालन्याच्या बियाणं कंपनीत चिकटवलं ते तातेरावनं. तातेराव तिचा चुलतभाऊ, पण सख्ख्याहून जवळचा. त्याची आई लवकर गेली. बेबीनंदाच्या चुलीपुढंच तो वाढला. जाफराबादच्या शाळेत तो तिला सायकलवर पुढं बसवून न्यायचा. पुढं जालन्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला, तेव्हा सुट्टीत घरी येऊन त्यानं बुटाच्या खोक्याच्या झाकणावर पेनानं चौकोन आखले, चौकोनांत अक्षरं लिहिली आणि ते झाकण तिच्या मांडीवर ठेवलं.

"हे काय, दादा?"

"कीबोर्ड. बोटं बसव. वीज नको, यंत्र नको. बोटं बसली की यंत्र आपोआप भेटंल."

आणि भेटलं. सन दोन हजार तीनच्या हंगामात कौसल्या कंपनीच्या प्रयोगशाळेत बसत होती. पलीकडच्या खोलीत ओल्या कागदात गुंडाळलेल्या बियांना मोड यायचे. किती उगवल्या, किती मेल्या हे मोजून तिथून चिठ्ठी यायची, आणि ती आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायची. उगवण चांगली तो प्लॉट पास, त्याचंच बियाणं कंपनी घ्यायची; बाकीचे फेल. तातेराव कंपनीचा कॉम्प्युटरवाला. पूर्वी हे निकाल भोकरदन, जाफराबाद, कंपनीच्या कुठकुठल्या केंद्रांना फोनवर ओरडून सांगावे लागत. त्यानं एक प्रोग्राम लिहिला. आकडे भरले की तो स्वतःच प्रत्येक प्लॉटचं पत्र तयार करायचा आणि कौसल्याच्या ई-मेलमधून त्या त्या केंद्राला पाठवायचा. पत्राच्या खाली तिचं नाव : कौसल्या, प्रयोगशाळा. केंद्रावरचा माणूस ते छापून दारावर चिकटवायचा. दारावर आपलं नाव लागतं याचं तिला आत कुठंतरी फार अप्रूप होतं.

फक्त एक अडचण होती. पत्र सुटायच्या आधी पडद्यावर एक खिडकी उघडायची. पिवळा त्रिकोण, आत उद्गारचिन्ह, आणि इंग्रजीत मजकूर. कौसल्यानं तो पहिल्यांदा वाचला तेव्हा मनातल्या मनात मराठीत उतरवला : दुसरा एक प्रोग्राम तुमच्या नावानं पत्र पाठवू पाहतो आहे. पाठवू द्यायचं का? तुम्हाला याची कल्पना नसेल तर हा व्हायरसही असू शकतो, अशा वेळी 'नाही' म्हणणंच बरं. खाली 'हो' आणि 'नाही' अशी दोन बटणं. 'नाही' लगेच दाबता यायचं. 'हो' मात्र फिकट. एक पट्टी हळूहळू भरत जायची, आणि ती भरल्यावरच 'हो'मध्ये जीव यायचा. जणू यंत्र म्हणायचं, बाई, क्षणभर थांब, विचार कर, मग होकार दे.

"दादा, हे काहून विचारून राह्यलं?"

"भित्रं हाय ते. नव्या नवरीवानी, उंबऱ्याबाहेर पाय टाकायचा तरी विचारतं."

"मंग मी काय म्हनू?"

"हो म्हण. प्रोग्राम माह्या हातचा हाय. माह्यावर भरोसा न्हाई का तुझा?"

"तुझ्यावर न्हाई तर कोणावर?" ती हसून म्हणाली, आणि 'हो' दाबलं.

पत्रागणिक खिडकी. पट्टी भरेपर्यंत कौसल्या आईची ती ओवी गुणगुणायची. ओवीची दुसरी ओळ संपली की बटण उजळायचं. पहिले काही दिवस ते बरंही वाटलं. पण हंगामाला जोर आला, नमुने गोण्यांनी येऊन पडू लागले, आणि खिडकी उघड, थांब, हो म्हण, पुन्हा उघड, पुन्हा थांब, यात दुपार सरू लागली. ओवी कधीच सुटली. आता ती नुसती दात खाऊन पट्टीकडं बघायची.

"दादा, ह्या खिडकीचं कायतरी कर बाबा. माणसानं किती वेळा हो म्हणावं? लग्नातबी एकदाच विचारतात."

तातेराव मोठ्यांदा हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं फ्लॉपीवर एक बारकासा प्रोग्राम आणला आणि तिच्या कॉम्प्युटरवर चढवला. पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळाच्या बाजूला एक इवलंसं चित्र येऊन बसलं.

"हा बघ. खिडकी आली रे आली की हा आपसूक 'हो' दाबणार. तुला विचारणारच न्हाई कोणी. बिलकुल आराम."

"म्हंजी माझ्याऐवजी हा हो म्हणणार?"

"तुझ्याऐवजी."

तिला एवढी खुशी झाली की तिनं डब्यातला ठेचा आणि बाजरीची भाकरी अख्खी त्याच्यापुढं सरकवली. खिडक्या आता उघडायच्या आणि डोळा लवायच्या आत मिटायच्या. पत्रं पाखरांसारखी भुर्रकन उडून जायची. आपल्या भावाला आपल्या मनगटाची कीव आली, असं तिला वाटलं, आणि तो दिवस तिनं आनंदात काढला.

*

त्या वर्षी गावात एक नवं घडलं होतं. झुंबरबाईच्या टोळीनं दुसऱ्याच्या प्लॉटवर रोजानं जायचं सोडून कारभारी पाटलाचा अर्धा मळा बटईनं घेतला होता. बायकांचा प्लॉट. पाटील खोचकपणे म्हणाला होता, "पास झाला तर पुढल्या सालीबी तुमचाच. फेल झाला तर पुन्हा माह्या प्लॉटवर या रोजानं, मी काय तुम्हाला हाकलत न्हाई." बायकांनी ऊन म्हटलं नाही, पाऊस म्हटला नाही. प्रत्येक बोंडावर आपापला दोरा होता.

त्यांचा नमुना प्रयोगशाळेत आला तेव्हा कौसल्यानं मुद्दाम पलीकडच्या खोलीत जाऊन पाहिलं. ओला कागद उलगडला, आणि मोड असे उभे राहिले होते जसे शाळेत मास्तर आल्यावर पोरं उभी राहतात. आकडे तिनं स्वतः भरले. पास. आणि नुसता पास नाही, चांगला पास.

रविवारी ती गावी गेली आणि ओट्यावर बसलेल्या बायकांना सांगितलं. झुंबरबाईनं घरातून साखर आणून तिच्या तोंडात कोंबली, आणि मुठीतली उरलेली बेबीनंदाच्या.

"बेबे, तुझी लेक न्हाई, आमच्या समद्यांची हाय ही! पाटलाला म्हणावं, बस आता मिशा कुरवाळीत."

बेबीनंदा लेकीच्या हाताची बोटं आपल्या हातात घेऊन एकेक चाचपत राहिली, जसं एखादं पीक कसं आलंय ते बघावं.

पुढच्या खेपेला कौसल्या जाफराबादहून जीपनं येऊन उतरली, तेव्हा फाट्यावर गावच्या दोन बायका भारे घेऊन उभ्या होत्या. तिनं हाक मारली. त्यांनी भारे उचलले आणि चालू लागल्या. ओट्यावर झुंबरबाई बसली होती. ती उठली नाही.

"जय भीम, मावशी. काय झालं? समद्या गप काहून?"

"साखर गोड लागली होती का गं?" झुंबरबाई म्हणाली.

"म्हंजी?"

"म्हंजी तिकडं केंद्राच्या दारावर चिकटलंय नं. फेल. पोराकडून वाचून घेतलं. एकदा न्हाई, तीनदा. म्हटलं पोरगं चुकत असंल. तर खाली तुझं नाव."

"मावशी, मी पास भरलाय. ह्या हातानं भरलाय."

"नाव कोणाचं हाय त्याच्यावर?"

"माझं."

"मंग?" झुंबरबाईचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "दोरा तुझा, आन् फूल कोणाचं म्हनू? तोंडावर पास म्हणून साखर खायची न् माघारी फेल लिहून मोकळं व्हायचं. साहेबाला भ्यालीस तर तसं सांगायचं होतं, पोरी. आम्ही काय तुला खाल्लं असतं?"

"मी न्हाई लिहिलं!"

"मंग तुझ्या नावानं कोण लिहितं? भूत?"

घरी बेबीनंदा दोऱ्याची रिळं पिशवीत भरत बसली होती. हंगाम संपला की ती दोरे जपून ठेवायची. कौसल्या तिच्यासमोर बसली, पण आईनं वर पाहिलं नाही. रिळं भरता भरताच तिनं फक्त एक विचारलं.

"ते यंत्र पाठवायच्या आधी काही विचारत न्हाई का गं? पाठवू का, असं?"

कौसल्याच्या घशात ती साखर पुन्हा आली, कडू होऊन. विचारायचं. दर वेळी विचारायचं. फिकट बटण धरून उभं राहायचं आणि थांब म्हणायचं. मला विचारू नको, हे तिनंच मागून घेतलं होतं, वर भाकरी देऊन.

आईनं पिशवीचं तोंड बांधलं.

*

सोमवारी तिनं आधी कॉम्प्युटरमधला पाठवलेल्या पत्रांचा खण उघडला. बायकांच्या प्लॉटचं पास म्हणून जायला हवं होतं ते पत्र त्यात नव्हतं. फेल म्हणून गेलेलंही नव्हतं. दोन्हींची जागा झाडून पुसून साफ. जे पत्र जाफराबादच्या दारावर वाऱ्यावर फडफडत होतं, ते तिच्या घरून निघालंच नव्हतं, असं तिचं घर सांगत होतं.

ती रामराव साहेबांकडं गेली. रामराव मॅनेजर. बोलायला फार मऊ माणूस. खुर्ची पुढं करूनच नाही म्हणायचा.

"बसा, कौसल्याबाई. तो लॉट होय? त्याची आपण दुसऱ्यांदा तपासणी केली. फेल निघाला. काय करणार? या साली बियाणंही बाजारात उदंड झालंय, त्यात असला माल घेऊन कंपनी बुडवायची का?"

"पण साहेब, दुसऱ्या तपासणीचे आकडे माझ्याकडं आलेच न्हाईत. मी भरले न्हाईत."

"पत्र तुमच्याच नावानं गेलंय ना? मग तुमच्याकडूनच गेलं. तुमच्या गावचा प्लॉट म्हणून तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण नोकरी नोकरीच्या जागी."

ती उठून तातेरावच्या खोलीत गेली. तो तारा सोडवत बसला होता. तिनं सगळं सांगितलं. तो ऐकताना तिच्याकडं नाही, तारांकडं बघत होता.

"व्हायरस असंल," तो म्हणाला.

"व्हायरसला आपल्या गावचा प्लॉट ठाऊक असतो?"

"काहीबी असतं आजकाल. कोणी बाहेरचा घुसला असंल. मी बघतो. तू जास्त बोंबलू नको, कौसे, बाईमाणसाची नोकरी हाय. चार दिवसांत विसरतात लोकं."

"झुंबरमावशी विसरंल?"

"च्यायला, ह्या तारा…" तो म्हणाला.

ती परत आपल्या टेबलाशी येऊन बसली. साहेब म्हणतो दुसरी तपासणी, दादा म्हणतो व्हायरस. एका पत्राला दोन बाप. दोघंही खरं सांगत असते तर दोघांचं जुळलं असतं. साहेबाच्या खोटेपणाचं तिला काही वाटलं नाही; तो परका माणूस, मऊ बोलणं हा त्याचा धंदा. पण खोक्याच्या झाकणावर अक्षरं काढून देणारा हात तारांत खुपसून बसला होता आणि वर बघत नव्हता. तिला वाटलं, हे आपल्याला कळलंच नसतं तर बरं होतं. आणि लगेच वाटलं, हेच तर आपण आजवर केलं. न कळण्याची सोय करून घेतली.

तिनं माउस धरला, घड्याळाजवळच्या त्या इवल्या चित्रावर नेला आणि ते बंद केलं.

त्या दुपारपासून खिडक्या पुन्हा उघडू लागल्या. पिवळा त्रिकोण, फिकट 'हो', भरत जाणारी पट्टी. ती प्रत्येकीपुढं थांबू लागली. हे पत्र कोणाचं, मी भरलेले आकडे कोणते, हे मनाशी जुळवून मगच होकार देऊ लागली. किती दिवसांनी ओवीची दुसरी ओळ तिच्या ओठावर आली. तातेरावला तिनं यातलं काही सांगितलं नाही.

*

त्याच आठवड्यात बायका जालन्याला आल्या. झुंबरबाई आणि बेबीनंदा. बेबीनंदाच्या मांडीवर कापडी पिशवी होती, त्यात प्लॉटच्या बियाणाचा ताजा नमुना. पुन्हा तपासून द्या, एवढंच त्यांचं मागणं. रामरावांनी चहा पाजला, बघू म्हणाले आणि त्यांना प्रयोगशाळेच्या बाकावर पाठवून दिलं. नमुना कोणी घेतला नाही.

झुंबरबाई कौसल्याकडं पाठ करून बसली. "आमी साहेबाला भेटाया आलो," ती भिंतीला म्हणाली. "दुसऱ्या कोणाला न्हाई."

कौसल्या निकाल भरत होती. खिडक्या येत होत्या, ती जुळवत होती, होकार देत होती. शेवटचं पत्र सुटलं. तिनं हात मांडीवर घेतले. भरलेलं काही उरलं नव्हतं.

आणि खिडकी पुन्हा उघडली.

दुसरा एक प्रोग्राम तुमच्या नावानं पत्र पाठवू पाहतो आहे.

पट्टी भरत गेली. 'हो' उजळलं. यंत्र उभं राहिलं, नवरीसारखं नाही, दारात आलेल्या शहाण्या शेजारणीसारखं : बाई, तुझ्या घरातून कोणीतरी चाललंय, तुला ठाऊक आहे ना? कौसल्यानं काहीच दाबलं नाही. खिडकी तशीच उघडी ठेवून ती उठली आणि तातेरावला बोलावून आणलं. तो आत आला, बाकावर काकूला बघून दारातच थबकला.

"काकू? कधी आल्या? मला सांगायचं नं, इस्टँडवर आलो असतो."

"बस, दादा," कौसल्या म्हणाली आणि आपली खुर्ची त्याच्याकडं फिरवली.

त्यानं पडदा पाहिला. मग घड्याळाच्या बाजूची रिकामी जागा पाहिली. तिथलं चित्र गेलेलं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"हे कोणी बंद केलं?"

"मी. माझी पत्रं संपली. हे कोणाचं हाय?"

"व्हायरस असंल. 'न्हाई' दाब न् मोकळी हो."

"दाबते. पण आधी सांग, काय लिहिलंय आत?"

"मला काय ठाऊक?"

"मंग तूच दाब 'हो'. जाऊ दे. जाफराबादला दारावर चिकटलं की समद्यांनाच कळंल. तुझा तर भरोसा हाय नं तुझ्या प्रोग्रामवर?"

तातेरावचा हात माउसवर गेला आणि तिथंच राहिला. पंख्यानं भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं. झुंबरबाई आता वळून बसली होती. तिला पडद्यावरचं काही वाचता येत नव्हतं, पण माणसाचा थांबलेला हात तिनं आयुष्यभर वाचला होता.

"का रे थांबला?" ती म्हणाली. "विंचू हाय का त्यात?"

"मावशी, तुम्हाला ह्यातलं कळणार न्हाई…"

"न्हाई कळत. म्हणूनच पुसून राह्यले."

तेव्हा बेबीनंदा बोलली. पिशवीवरचा हात न उचलता.

"तात्या, मी इथं काहून आले सांगू? दारावर लेकीचं नाव लागलं तवा समदं गाव म्हणलं, पोरीनं फसवलं. मी गप राह्यले. रातभर इचार केला तरी मला ती गाठ तिच्या हातची वाटंना. तिनं लहानपणी माह्या दोऱ्यानं गाठी मारल्या होत्या, त्या मी तोडल्या होत्या. ती एकदा शिकलेलं विसरत न्हाई. मंग म्हटलं, माघारी बांधलेली दिसती. पारख करून घ्यावी." तिनं पिशवीची गाठ चाचपली. "कोणाचा हात हाय रे, बाबा?"

तातेरावनं माउस सोडला. खुर्चीत तो एकदम लहान दिसू लागला, सायकलवर पाय न पुरणाऱ्या पोरासारखा.

"त्यात लिहिलंय…" तो पडद्याकडं बघत म्हणाला, "फेरतपासणीची गरज न्हाई. फेलचाच निकाल कायम."

बेबीनंदानं मांडीवरच्या पिशवीकडं पाहिलं. तिची गाठही अजून सुटली नव्हती.

"खाली कोणाचं नाव?" कौसल्यानं विचारलं.

"तुझं."

"साहेबानं लिहिलं?"

"साहेबानं सांगितलं. साहेबाला प्रोग्राम कुठं येतो?" त्यानं पडद्याकडं बोट केलं. "लिहिलं मी. पहिलंबी मीच. तुझं पासचं अडवलं, हे गेल्यावर तुझ्या खणातून पुसलं, तेबी मीच. साहेब म्हणला, हंगाम संपला की हैदराबादला मोठ्या हापिसात बसवतो, परमनंट. म्हटलं आपल्या समद्यांचंच भलं होईल. काकूलाबी नेलं असतं मी."

"आरं, मला कुठं न्यायलास?" बेबीनंदा म्हणाली. "माह्यं नेलंस ते आधी परत दे."

कौसल्या पुढं झाली. त्याच्या खांद्यावरून हात घालून तिनं 'नाही' दाबलं. खिडकी मिटली. कुठंच काही गेलं नाही. जाफराबादच्या दारावर आज काही नवं चिकटणार नव्हतं. तिनं आईच्या मांडीवरची पिशवी उचलली, आपल्या टेबलावर सगळ्यांना दिसेल अशी ठेवली, आणि मग त्याच्याकडं वळली. ती रडत नव्हती. रडायला निदान राग तरी हवा असतो. तिच्यात नुसती एक रिकामी जागा होती, त्या पुसलेल्या खणासारखी.

"एक सांग, दादा. इथं एवढी माणसं काम करतात. साहेबाचं स्वतःचं नाव होतं. तुझं होतं. कंपनीचा शिक्का होता. त्याच्याखालीबी फेल लिहिता आलं असतं. माझंच नाव काहून घेतलं?"

तातेराव माउसची तार बोटाला गुंडाळू लागला.

"प्रोग्राम माझ्या यंत्रावर होता म्हणून?"

त्यानं मान हलवली. नाही.

"मंग?"

"जाऊ दे नं, कौसे."

"न्हाई जाऊ देणार. माझ्या नावाचं हाय, मला कळू दे."

तातेरावनं झुंबरबाईकडं पाहिलं, मग काकूकडं. ज्या चुलीपुढं तो वाढला होता तिचा धूर आत्ता डोळ्यांत गेल्यासारखे त्याचे डोळे भरून आले. आणि इतके दिवस तारांत दडवलेलं शेवटचं तेवढं त्यानं बाहेर काढलं.

"दुसऱ्या कोणाचं नाव असतं, तर ह्या बायका त्याच दिवशी भांडायला आल्या असत्या. तुझं नाव पाहून गपगार बसतील, हे साहेबाला ठाऊक नव्हतं, कौसे. ते मी सांगितलं त्याला."